निघाल्यावर घरी राहिलेले एकोणतीस दिवस

मार्च २०१६ मधल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वादहा वाजता, सिंगापूरच्या इमिग्रेशन कचेरीत माझा मावसभाऊ सुहास याला एक प्रश्न विचारण्यात आला. ज्या एकोणतीस दिवसांत आपण देशाबाहेर होतो असे त्याने स्वतः लिहून दिले होते, त्या दिवसांत तो देशात काय करत होता? त्याची आई, म्हणजे माझी मावशी, शेजारच्या खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, “जेवत होता.” मी त्याचे इंग्रजी केले.

मी सिंगापूर बघायला गेले होते. मुक्काम दहा दिवसांचा होता. त्यातले पाच दिवस या प्रश्नात गेले.

शुक्रवारी सकाळी मुंबईहून आलेले विमान वेळेवर उतरले. चांगी विमानतळावर गालिचा इतका जाड होता की चाकांची बॅग ओढायला जोर लागत होता. सुहास बाहेर उभा होता. वय एक्केचाळीस, तेलवाहू जहाजावर सेकंड इंजिनियर, एका कानाने थोडे कमी ऐकू येते. टॅक्सीला नको म्हणून त्याने मला एमआरटीत (इथली शहरी रेल्वे) बसवले. विमानतळ शहराच्या पूर्व टोकाला, त्याचे घर पश्चिमेला बुकित बातोकमध्ये. दोनदा गाडी बदलून सव्वा तास लागला. एवढ्या वेळात देश जवळजवळ संपतो. या सव्वा तासात त्याने मला आपली अडचण सांगितली.

तो, त्याची बायको मेधा आणि मुलगी ईरा हे तिघे पीआर, म्हणजे सिंगापूरचे कायमचे रहिवासी. कायमच्या रहिवाशाला देश सोडताना परत येण्याचे चालू परमिट जवळ ठेवावे लागते. तो बाहेर असताना परमिटची मुदत संपली तर कायमचे रहिवासीपणही संपते. सुहासच्या परमिटची मुदत मे महिन्यात संपत होती. त्याने वाढवून मागितली होती. आदल्या वर्षी तिघांच्या नागरिकत्वाचा अर्जही गेला होता. दोन्हींचा निर्णय आलेला नव्हता.

“दोन वर्षं पीआर झाली की अर्ज करता येतो,” सुहास म्हणाला. “मला नऊ झाली.”

“मग अडचण काय?”

“नऊ वर्षं पीआर आहे, पण नऊ वर्षं इथे नाही. जहाजावर असतो ना मी.”

“किती दिवस बाहेर राहिलं तर चालतं?”

“तोच आकडा कुठे छापलेला नाही, ताई. छापला असता तर मी त्याच्या एक दिवस अलीकडे राहिलो असतो.”

मी नंतर शोधले. आकडा मिळाला नाही.

त्याच्या कंपनीने त्याला चीफ इंजिनियर केले होते. जहाज पुढच्या शनिवारी सिंगापूरला येणार होते. तिथून कोरिया, मग पुढे, एकूण सहा महिने. आदल्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी बारापर्यंत त्याने एजंटला होकार द्यायचा होता. नाही दिला तर कोचीचा एक जण तयारीत होता, आणि चीफची जागा पुन्हा कधी निघेल ते कोणी सांगत नव्हते. परमिट वाढायच्या आत तो निघाला असता, तर मे महिन्यात भर समुद्रात त्याचे रहिवासीपण संपले असते.

“सप्टेंबरमध्ये उतरेन आणि स्वतःच्या घरी पाहुणा म्हणून येईन,” तो म्हणाला. “व्हिजिटरचा शिक्का. दाराशी ईरा विचारेल, अंकल, किती दिवस राहणार?”

मंगळवारी त्याला कचेरीत बोलावले होते. पत्रात कारण एका ओळीत होते: परदेशवास्तव्याच्या यादीबाबत खुलासा.

घर दहाव्या मजल्यावर. लांब उघडा कॉरिडॉर, प्रत्येक दारासमोर चपलांचा रॅक आणि कुंड्या. मावशीने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तो कॉरिडॉरमध्ये पडून राहू नये म्हणून लगेच कागदात उचलून घेतला. इथे कचरा टाकल्याबद्दल दंड होतो, हे तिने मला पहिल्या मिनिटाला सांगितले. ती सात वर्षे इथे आहे, मुलाच्या नावावर मिळालेल्या दीर्घ मुदतीच्या पासवर. जेवायला भरली वांगी, ज्वारीची भाकरी आणि ताक होते. ज्वारीचे पीठ सेरंगून रोडवर मिळते.

स्वयंपाकघरात मराठी दिनदर्शिका टांगलेली होती. तिथीच्या चौकोनांत मावशीच्या अक्षरात नोंदी: ईराची लस, गॅसवाल्याचा फोन, एकादशी, सुहास आला, सुहास निघाला. जुन्या वर्षांच्या दिनदर्शिका कपाटात गुंडाळ्या करून, रबर लावून उभ्या ठेवल्या होत्या; मावशी येण्याआधीच्या दोन वर्षांतल्या नोंदी मेधाच्या अक्षरात होत्या. कचेरीला दिलेली यादी मेधाने यांच्यावरून केली होती. दुसरे साधन नव्हते. कायमच्या रहिवाशांच्या पासपोर्टावर विमानतळावर शिक्का मारत नाहीत; अंगठा ठेवला की दार उघडते. खलाशाच्या पुस्तकात जहाजावर चढल्याची तारीख असते, देश सोडल्याची नसते. तिकिटे कंपनी काढते. मेधा बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत नमुन्यांच्या नोंदी ठेवते. तिने नऊ वर्षांच्या गुंडाळ्या जमिनीवर पसरून, कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवून, दोन रविवारांत यादी पूर्ण केली होती.

“एकही चौकोन रिकामा नाही,” ती मला म्हणाली. “आई म्हणजे रजिस्ट्रारच.”

मावशी खूश झाली.

शनिवारी आम्ही जवळच्या हॉकर सेंटरला (स्वस्त खाद्यपदार्थांच्या गाळ्यांचे मंडप) गेलो. गर्दी होती. एक टेबल रिकामे दिसले. त्यावर कागदी रुमालांचे एक पाकीट पडले होते. मी ते उचलून बाजूला ठेवले आणि बसले. दोन मिनिटांनी एक गृहस्थ सुपाचा वाडगा घेऊन आले, माझ्याकडे पाहिले, पाकिटाकडे पाहिले, आणि वाडगा धरून उभे राहिले. सूप हलत नव्हते. ईरा, वय आठ, धावत आली.

“आत्या, कॅनॉट लाह! अंकलने चोप केलंय.”

‘लाह’ म्हणजे इथल्या इंग्रजीतला ‘ना’; चोप करणे म्हणजे पाकीट ठेवून जागा अडवणे. पाकीट बसले की माणूस बसला. हा कायदा नाही, पण मोडलेला कोणी पाहिलेला नाही. मी उठले. गृहस्थ बसले, आणि त्यांनी ते पाकीट फोडून त्यातला एक रुमाल मला दिला. मी घाम पुसला. आम्ही जिन्याजवळ उभे राहून रोटी प्राटा (तव्यावरचा घडीचा पराठा, आमटीबरोबर) खाल्ला.

रविवारी सकाळी मावशीने प्रस्थान ठेवले. ही चाल आता महाराष्ट्रातही कमी झाली आहे. जायचा दिवस वाईट असेल तर त्याआधीच्या चांगल्या मुहूर्तावर प्रवाशाची एक वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली की प्रवासी निघाला असे धरतात. मग तो आपल्या सोयीने जातो आणि वाटेत ती वस्तू उचलतो. ती पुन्हा घरात आणायची नाही.

निघायच्या शनिवारी पूर्वेला दिशाशूल होता, म्हणजे त्या दिशेला जाणे अशुभ, आणि जहाज पूर्वेला जाणार होते. नेमके कुठल्या दिशेने, यावर नाश्त्याच्या वेळी चर्चा झाली.

“कोरिया ईशान्येला आहे, आई,” सुहास म्हणाला.

“पण तू आधी लाँचने जाणार ना? लाँच कुठे जाते?”

“दक्षिणेला. जहाज नांगरावर असतं तिथे.”

“आणि घरातून धक्क्यावर?”

“आग्नेयेला.”

“एकदाच काय ते ठरव की रे! एका माणसाला किती दिशा?”

मेधा म्हणाली, “आई, सरळ त्याला होकायंत्र बांधून पाठवू.”

शेवटी पूर्व धरण्यात आली. नऊ वाजून दहा मिनिटांनी मावशीने एका निळ्या कापडी पिशवीत सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि सुहासचे एक धुतलेले बनियन घातले आणि कॉरिडॉरच्या पूर्वेकडच्या शेवटच्या दारी नेऊन दिले. तिथे लिम आंटी राहतात, वय सत्तरीच्या आसपास, एकट्या. त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी घेतली आणि विचारले, “बॅग गो फर्स्ट?” मावशी म्हणाली, “बॅग फर्स्ट.” या दोघींची सात वर्षांची मैत्री साधारण एवढ्याच शब्दांवर चालते. निरोप अवघड असेल तर ईराला बोलावतात.

परत येऊन मावशीने रविवारच्या चौकोनात लाल पेनाने लिहिले: सुहास निघाला. सुहास तेव्हा दुसऱ्यांदा पोहे घेत होता. हे मी पाहिले. त्याचा अर्थ मंगळवारपर्यंत माझ्या लक्षात आला नाही.

दुपारी सगळे ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो. समोर क्षितिजापर्यंत नांगरलेली जहाजे होती, मी साठ मोजली आणि सोडून दिले. सुहासने उजवीकडे बोट दाखवले.

“गेल्या वर्षी त्या पिवळ्या क्रेनच्या रांगेत आमचं जहाज अकरा दिवस उभं होतं. उतरायची परवानगी नव्हती. फोनला सिंगापूरची रेंज, रेडिओला सिंगापूरची गाणी.”

“म्हणजे तू सिंगापूरमध्येच होतास.”

“अंगठा लागला नाही, म्हणजे नव्हतो. ते अकरा दिवस परदेशात.”

“आणि परदेशात असून सिंगापूरमध्ये धरलेले?”

“तसे नाहीत. ती सोय नाही.”

सोमवारी झेरॉक्स काढण्यात गेला.

मंगळवारी आम्ही चौघे कचेरीत पोचलो: सुहास, मेधा, मावशी आणि मी. मावशीला आणायचे नव्हते, पण दिनदर्शिका ती दुसऱ्याच्या हातात द्यायला तयार नव्हती. चालू वर्षाची तिने मांडीवर घेतली होती. आधीच्या आठ गुंडाळ्या माझ्याकडे होत्या. रांगेतला एक जण मला म्हणाला, वास्तुविशारद का? मी नाही म्हणाले.

काउंटरमागची अधिकारी बाई चाळिशीची, सावकाश बोलणारी. तिच्यासमोर दोन याद्या होत्या. एक मेधाची, एक सरकारची. नऊ वर्षांत चौदा सफरी. परत आल्याच्या चौदाही तारखा जुळत होत्या. निघाल्याच्या फक्त पहिल्या तीन जुळत होत्या. बाकी अकरा सफरींत सुहासने प्रत्यक्ष देश सोडायच्या एक ते पाच दिवस आधीच देश सोडल्याचे लिहिले होते. बेरीज एकोणतीस.

“लोक बाहेरचे दिवस कमी करून लिहितात,” ती म्हणाली. “तुम्ही वाढवून लिहिलेत. मला कारण समजत नाही.”

सुहासलाही समजत नव्हते.

“उदाहरणार्थ हा बुधवार. तुमच्या यादीप्रमाणे तुम्ही आखातात, फुजैराला गेलेले आहात. आमच्या नोंदीत त्या दिवशी सकाळी नऊला तुम्ही बसने जोहोरला गेलात आणि तीनला परत आलात.”

“दाढ काढायला,” सुहास म्हणाला. सीमेपलीकडे मलेशियात दात स्वस्तात काढून मिळतात.

“फुजैराहून?”

यानंतर तिने सुरुवातीला दिलेला प्रश्न विचारला, आणि मावशीने सुरुवातीला दिलेले उत्तर दिले.

मेधाने स्वतःच्या यादीकडे पाहिले, मग मावशीच्या मांडीवरच्या दिनदर्शिकेकडे, आणि तिचा चेहरा बदलला.

“आई, तुम्ही ‘निघाला’ कधी लिहिता?”

“निघाला की.”

“कोण?”

“अगं, प्रस्थान ठेवल्यावर. त्याच दिवशी निघतो ना तो.”

मेधाने डोळे मिटले. सुहास म्हणाला, “आई!” अधिकारी बाईने विचारले, काही अडचण आहे का? त्यानंतरची वीस मिनिटे मी दुभाषाचे काम केले. प्रश्नोत्तरे मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवली.

बॅगने सिंगापूर सोडले? नाही. इमारत सोडली? नाही. मजला? तोच. किती अंतर? सहा दारे. आणि या काळात तुमचा मुलगा कुठे असतो?

“घरातच. पण निघालेला असतो.”

“तो घरी झोपतो?”

“मग कुठे झोपेल? बायको आहे त्याला.”

याचे भाषांतर मी ‘होय’ असे केले.

“बॅग परत घरी आणली तर?”

“प्रस्थान मोडतं. पुन्हा मुहूर्त बघायचा.”

“आणि येताना? येतानाही बॅग आधी येते?”

मावशीला हा प्रश्न विचित्र वाटला. “येणाऱ्याला कशाला मुहूर्त? तो आला की आला.”

अधिकारी बाईने परतीच्या चौदा तारखांवर पेन्सिल फिरवली. सगळ्या जुळत होत्या. मग ती म्हणाली, “म्हणजे बॅगने त्याच्यासाठी प्रवास चोप केला.”

“अगदी बरोबर,” मी म्हणाले.

“मला समजलं. पण फाइलला समजायला हवं. खोटी तारीख लिहून देणं हे खोटंच असतं, ती स्वतःच्या विरुद्ध असली तरी.” बॅग ज्यांच्याकडे राहत असे त्यांचे शपथेवर निवेदन, तारखांसह, गुरुवारी पाचच्या आत द्यावे, असे तिने सांगितले. मग पेन हातात घेऊन विचारले, “सध्या एखादी बॅग बाहेर आहे का?”

“आहे,” मावशी म्हणाली. “रविवारी ठेवली.”

तिने ते लिहून घेतले.

घरी आल्यावर मावशी जेवली नाही. खिडकीशी बसून राहिली. सुहासने दोनदा बोलावले.

“नऊ वर्षं प्रत्येक बोटीवरून सुखरूप परत आलास,” ती म्हणाली. “ते नाही कोणी यादीत लिहिलं.”

“आई, तुझ्यावर कोणी रागावलेलं नाही.”

“मेधा रागावलीय.”

“रागावले आहे,” मेधा आतून म्हणाली. “पण स्वतःवर. त्या रात्री हा माणूस शेजारी घोरत होता आणि मी टाइप केलं की तो रॉटरडॅमला गेला. मला आठवायला नको? आता जेवून घ्या, आमटी तिसऱ्यांदा गरम करतेय.”

मावशी उठली.

चारच्या सुमारास सगळे लिम आंटींच्या दारी गेलो. ईरा शाळेतून आली होती, तिने प्रकरण समजावले. आंटींनी ऐकून घेतले, आत गेल्या आणि एक जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आल्या. त्या जुरोंगच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात तीस वर्षे भांडारपाल होत्या, हे मला तेव्हा कळले. वहीत रकाने आखले होते: आलेली तारीख, वेळ, वस्तू, कोणी दिली, गेलेली तारीख, कोणी नेली, सही. अकरा ओळी पूर्ण होत्या. बारावी अर्धी होती. ‘निळी पिशवी, एक, स्थिती चांगली.’ शेवटच्या रकान्यात अकरा वेळा सुहासची सही होती.

“अरे, हो,” सुहास म्हणाला. “दर वेळी विमानतळावर जाताना सही घ्यायच्या. मला वाटलं, सवय असेल त्यांची.”

“सवय नाही. सिस्टिम,” आंटी म्हणाल्या. “बुकात नाही तर स्टोअरमध्ये नाही, लाह.”

मेधाने सरकारी तारखा वाचल्या. आंटींनी बोट ठेवून वही वाचली. अकराही जुळल्या. पाचव्या ओळीवर आंटी थांबल्या आणि म्हणाल्या, ही बॅग मध्यरात्रीनंतर नेली होती, म्हणून दुसरी तारीख टाकली आहे. सरकारनेही दुसरीच टाकली होती.

बुधवारी आंटींनी ऑफिसची जुनी पँट घातली. शपथपत्र करून देणारे गृहस्थ स्टेशनजवळच्या दुकानांच्या इमारतीत, नखे रंगवण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसत. त्यांनी मसुदा वाचला, चष्मा काढला आणि विचारले, पिशवीत काय असते? आंटी म्हणाल्या, मी कधी उघडली नाही, बंद माल बंदच घ्यायचा. गृहस्थ म्हणाले, वर्णन लागेल. मावशीला फोन लावला. तांदूळ आणि हळदीला हरकत नव्हती. सुपारी म्हणजे काय, यावर दहा मिनिटे गेली. शेवटी ‘एक कठीण बी, खाण्यासाठी नव्हे’ असे टाइप झाले. बनियन ‘अंतर्वस्त्र, पुरुषाचे, स्वच्छ’ असे गेले. आंटींनी उजवा हात वर करून शपथ घेतली आणि बाहेर पडल्यावर मला कोपी ओ (बिनदुधाची गोड कॉफी) पाजली. पैसे मला देऊ दिले नाहीत. त्या म्हणाल्या, “यू गेस्ट. सुहास नॉट गेस्ट.”

गुरुवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी निवेदन आणि वहीच्या पानांच्या प्रती कचेरीत दिल्या. पोच मिळाली. करण्यासारखे काही उरले नाही म्हणून सुहासने मला बिशानच्या बागेत नेले. तिथे सिमेंटचा जुना कालवा फोडून नदी केली आहे, आणि तिच्यात पाणमांजरांचे एक कुटुंब राहते. काठावर पाणमांजरांपेक्षा कॅमेरे जास्त होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला सरकून जागा दिली.

“मलेशियाहून पोहत आली म्हणतात,” ते म्हणाले. “आता इथलीच.”

“कधीपासून?”

“पिल्लं झाली तेव्हापासून.”

सुहास हे ऐकत होता. त्याने विचारले, “मध्ये परत जातात का ती?”

“जात असतील. रात्री कोण बघतं?”

एका पाणमांजराने मासा पकडला आणि शेपटीकडून खाल्ला.

शुक्रवारी सकाळी सगळे फोनभोवती बसलो होतो. एजंटचा फोन दहाला आला. सुहासने सांगितले, बाराला कळवतो. साडेदहाला पुन्हा आला. कोचीच्या माणसाचे तिकीट धरून ठेवले आहे, असे एजंट म्हणाला. मावशीने देवापुढे दिवा लावला आणि तुपाचे बोट फोनला लागले म्हणून फोन पुसला. अकरा वाजून वीस मिनिटांनी तो वाजला. अधिकारी बाई होती. सुहासने स्पीकर लावला.

खुलासा स्वीकारला होता. यादी दुरुस्त करून फाइलला जोडली होती. परमिट एका वर्षासाठी वाढवले होते. नागरिकत्वाचा अर्ज विचाराधीन होता आणि त्याबद्दल ती काही सांगू शकत नव्हती.

“एक विनंती,” ती म्हणाली. “यापुढे माणूस गेल्याची तारीख लिहा.”

“मॅडम,” सुहासने विचारले, “ते एकोणतीस दिवस?”

“तुम्ही इथे होतात,” ती म्हणाली.

अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी त्याने एजंटला होकार दिला. मावशीने शिरा केला. मेधा त्या दिवशी कामावर गेली नाही.

शनिवारी सकाळी सात वाजता सुहासने लिम आंटींच्या वहीत बाराव्या ओळीसमोर सही केली आणि पिशवी घेतली. आंटींनी घड्याळ पाहून वेळ टाकली. ईरा कॉरिडॉरमध्ये उभी होती.

“पपा, गो लाह. बोट तुझ्यासाठी थांबणार नाही.”

“तू थांबशील?”

“मी इथेच राहते. आय स्टे हिअर.”

लिफ्ट आली. तो गेला. धक्क्यावर अंगठा लागला आणि लाँच सुटली, असा निरोप त्याने आठ वाजून पन्नास मिनिटांनी पाठवला. मेधाने पेन मावशीच्या हातात दिले. मावशीने ते परत मेधाला दिले आणि म्हणाली, “तूच लिही. मला आता भरवसा नाही.”

मी रविवारी रात्री मुंबईला परतले. माझ्या पासपोर्टावर आल्याचा आणि गेल्याचा असे दोन शिक्के आहेत. दोन्ही तारखा बरोबर आहेत.

पुढचे मेधाने फोनवर कळवले. सुहास सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनला जहाजावरून उतरला आणि घरी आला. नागरिकत्वाला तत्त्वतः मान्यता दिल्याचे पत्र पुढच्या जानेवारीत आले. त्यात तिघांची नावे होती. भारतीय पासपोर्ट परत करण्याच्या कामाला दोन महिने लागले, तेवढे दिवस सुहासने रजा वाढवून घेतली. एप्रिलमधल्या एका गुरुवारी दुपारी त्याने आणि मेधाने शपथ घेतली. ईरा शाळेत होती.

पुढच्या मंगळवारी तो रॉटरडॅमला जहाजावर रुजू झाला.